चाळीस चॅनलांचा आषाढ

मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना बाबांनी कौतुकाने सांगितलं, "मुलगी केबलवर असते." मुलाची आई एकदम सावरून बसली आणि पदर नीट करत म्हणाली, "अगोबाई! कुठल्या मालिकेत?" मी टीव्हीत नसून टीव्हीच्या मागे असते, हे समजावून सांगेपर्यंत पोहे गार झाले. ते स्थळ काही जमलं नाही. नोकरी मात्र जमली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची बरीच वर्षं मी ती जीव लावून केली.

महाडच्या बाजारपेठेत अशोकशेठचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. दुकानाच्या माडीवर आमची कंट्रोल रूम आणि गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसलेल्या डिश. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. मला का ठेवलं हे शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मुलगे शिकवले की मुंबईला पळतात. तू बसशील."

बसले. पण काय दिवस होते ते! तोवर आमच्याकडे टीव्ही बघणं म्हणजे एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि घरातल्यांनी खालून "आलं! गेलं! जरा मागं!" ओरडायचं. आम्ही वायर नेली की त्याच घरात चित्र काचेसारखं लख्ख. नवं चॅनल पकडायचा दिवस तर सणासारखा. गच्चीवर शेठ स्वतः डिश तसूतसूने सरकवायचे आणि मी खाली पडद्याला डोळे लावून बसायचे. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांत एखादी सावली हलायची. आणि एकाएकी रंग! कुठल्याशा परक्या भाषेतली बाई हसतमुखाने बातम्या देत असायची. तिचं एक अक्षर आम्हाला कळत नसायचं, पण मी जिन्यातून "आली, आली!" करत धावायचे आणि शेठ दुकानात उतरून समोर दिसेल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचे.

ज्यांनी हा धंदा आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डिशवरून आलेलं प्रत्येक चॅनल मॉड्युलेटर नावाच्या डब्यातून जातं. हा डबा त्या चॅनलला केबलमधली एक जागा नेमून देतो, म्हणून तर तुमच्या टीव्हीवर ते ठरावीक नंबरवर लागतं. मग सगळी चॅनल एकाच काळ्या वायरीतून निघतात, खांबांवरून, आंब्याच्या फांद्यांवरून, लोकांच्या गॅलऱ्यांवरून. जाता जाता सिग्नल क्षीण होतो, म्हणून अंतराअंतरावर अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे. ते त्याला पुन्हा जोर देतात. पण त्यांच्या जोरालाही मर्यादा असते. थोड्या चॅनलांसाठी घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर भाराभर चॅनल घातली की तो एकाचं चित्र दुसऱ्यात मिसळायला लागतो. त्याच्या पुढचा अ‍ॅम्प्लिफायर ती भेसळ इमानेइतबारे आणखी मोठी करून पुढे पाठवतो. त्यामुळे बाजारपेठेत पडद्यावर जी एक बारीक रेघ दिसते, तिचा लाइनच्या शेवटच्या घरात पुरता गोंधळ झालेला असतो.

पोलादपूरला शेठची दुसरी, लहानशी कंट्रोल रूम होती. ती जनूभाऊ उतेकर सांभाळायचे. ते मूळचे तिथल्याच कापडे गावचे. त्यांची लाइन पोलादपूर गावातून निघून शेताशेतांवरून कापड्यापर्यंत गेली होती. वायर ओढायची तेव्हा त्यांनी दर शेतकऱ्याला "तुमच्या बांधावर खांब, तुमच्या घरात टीव्ही" असं सांगून परवानग्या मिळवल्या होत्या. आमच्या दोघांच्या रोज फोनवर गप्पा व्हायच्या. त्यातल्या अर्ध्या पावसाच्या असायच्या.

आणि आमचं स्वतःचं एक चॅनल होतं, तीन नंबरवर. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. टाइप करणारी मी. कुणाचा वाढदिवस, कुणाची म्हैस हरवलेली, उद्या नळाला पाणी येणार नाही, असं काय काय. पावसाळ्यात त्यावर सावित्रीचं पाणी कुठवर आलंय ते यायचं. महाडकरांना पूर नवा नाही, नदी वाढली की काय करायचं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. फक्त वेळेवर कळायला हवं. जुन्या टीव्हींना मोजकीच बटणं असायची, म्हणून शेठनी हे चॅनल मुद्दाम तीनवर ठेवलं होतं. तीन नंबर सगळ्यांकडे लागायचा.

तर अशी आमची सोळा चॅनलं सुखाने चालली होती. मग लोकांना हाव सुटली, आणि आम्हालाही. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की वीर स्टेशनवरून रिक्षा करून थेट घरी, आणि घरी पोचले की थेट टीव्हीपुढे. "ओन्ली सिक्स्टीन? आमच्याकडे फिफ्टी दिसतात!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की मला झोपेत आठवायचं. एमआयडीसीच्या कॉलनीत तमिळ अधिकारी होते, त्यांना त्यांच्या भाषेतलं हवं होतं. निवृत्त शिक्षक पोंक्षे गुरुजी यांना जगातल्या बातम्या हव्या होत्या, "पण नाचगाणी नकोत, त्यांचं वेगळं बिल असेल तर कमी करा." त्यातच गावात दुसरा केबलवाला येतोय आणि तो गणपतीपर्यंत चाळीस चॅनल देणार अशी बातमी आली.

दुसऱ्याच दिवशी अशोकशेठ जिना चढून वर आले आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वैशाली, आपण आषाढातच चाळीस करू!"

मला कोण आनंद झाला! चाळीस! महाडमध्ये! मुंबईचा सामानवाला वीरला उतरला आणि रिक्षातून खोकी घेऊन आला. नवे मॉड्युलेटर आम्ही देवासारखे मांडले. दिवसभर वायरी जोडून तो माणूस जाताना म्हणाला, "वरचं काम चोख झालंय. पण लाइनवरचे अ‍ॅम्प्लिफायर जुने आहेत. आधी ते बदला, एकेक भाग करत. तोवर बेताने घ्या."

"ते दिवाळीला," शेठ म्हणाले. "पावसात खांबावर कोण चढणार?"

आणि आम्ही चाळीसच्या चाळीस चॅनल एकदम सोडली. शेठनी दुकानाबाहेर टीव्ही लावला, रिमोट माझ्या हातात दिला. छत्र्या घेऊन रस्ताभर माणसं उभी. मी एकेक नंबर पुढे जायचे आणि माणसं "ओ हो हो!" करायची. हत्ती, मासे, गोऱ्यांचा फुटबॉल, तमिळ बातम्या, कार्टून, प्रवचन! कॉलनीतले एक तमिळ साहेब त्यांच्या भाषेतलं गाणं ऐकून भर पावसात छत्री मिटून उभे राहिले. पेढे वाटले गेले. पोलादपूरलाही तसंच केलं होतं. जनूभाऊ फोनवर ओरडत होते, "ताई, हिकडं जत्रा भरली हाय जत्रा!"

दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या.

पहिला फोन पोंक्षे गुरुजींचा. "तुमच्या परदेशी बातम्यांमध्ये मागे एक बाई नाचते आहे. मी मुद्दाम चष्मा पुसून पाहिलं. नाचतेच आहे." मग एक आजी म्हणाल्या, "गो ताई, माझ्या देवाच्या तोंडावरना मोटारीच्या वायपरसारखी पट्टी फिरते गो. पाप लागंल कुणाला तरी." एकाच्या घरी क्रिकेटचा चेंडू तमिळ मालिकेतल्या सासूच्या अंगावर जात होता. बाजारपेठेत सगळं बरं होतं, गोंधळ सगळा लाइनच्या टोकांना. आमच्या लाइनमनने अ‍ॅम्प्लिफायरचा जोर वाढवून बघितला, तर गोंधळच वाढला. त्यात जुन्या जोडांत पाणी शिरलेलं. कापड्याला तर, जनूभाऊंच्या शब्दांत, "कंचा माणूस कंच्या बाईचा नवरा हाय त्ये बी कळत नाय."

आणखी एक बदल झाला होता, तो त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आला नाही. क्रिकेटच्या चॅनलला सगळ्यांत चांगली जागा हवी म्हणून शेठनी त्याला तीन नंबर दिला. आमचं गावचं चॅनल गेलं अडतिसावर. नव्या टीव्हीवाल्यांना काही फरक पडला नाही. ज्यांच्या टीव्हीला तेवढी बटणंच नव्हती त्यांच्याकडे ते लागेनासं झालं. आणि असे जुने टीव्ही सगळ्यांत जास्त होते नदीकाठच्या आळीत, जिथे माझी शांतामावशी राहायची.

अशातच एके दिवशी सकाळपासून पाऊस ओतत होता. ओतत होता म्हणजे समोरचं दुकान दिसत नव्हतं. दुपारी भारताची मॅच होती, परदेशात. असल्या पावसात शाळा सुटलेल्या, दुकानं अर्धी मिटलेली, तेव्हा सगळं महाड घरात टीव्हीपुढे बसलेलं. नाणेफेक झाली आणि जनूभाऊंचा फोन आला. आवाजात गप्पांचा सूर नव्हता.

"ताई, सावित्री लय चढलीय. कापड्याचा रस्ता पान्याखाली गेला. वर घाटात अजून वततोय. ह्ये समदं पानी तुमच्याकडंच येतंय. मी हितली समदी चॅनलं बंद करून नुसती सूचना लावतोय. तुमी बघा काय त्ये."

तो फोन ठेवते तोच नगरपालिकेतून फोन. खाडीला भरती लागली होती. वरून येणारं पाणी आणि खालून चढणारी भरती दोन्ही एकदम गाठ पडणार होती. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब उंचावर जावं अशी सूचना लावा, म्हणाले. मी टाइप केली, अक्षरं मोठी केली, सोडली. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी मावशीच्या शेजारच्या घरी फोन लावून मावशीला बोलावून घेतलं.

"मावशी, टीव्हीवर काय दिसतंय?"

"मॅच लागलीय. तुझं काका बगतायत."

"गावचं चॅनल लाव. पाण्याची सूचना दिलीय."

"त्ये आमच्याकडं कुठं लागतंय गो? आता तीनावर खेळच आसतो."

"शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आहे ना? त्यांना अडतीस लावायला सांग."

मावशीने तिकडे कुणाला तरी विचारलेलं मला ऐकू आलं. परत येऊन म्हणाली, "नुसत्या मुंग्या हायत. आन मागं कोनतरी गातंय."

काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना एकटी मावशी हलवू शकत नव्हती. "मावशी, पाणी येतंय, काकांना हलवायची तयारी कर," एवढं सांगून मी फोन ठेवला आणि जिना उतरून खाली धावले. शेठ काउंटरवर बसून मॅच बघत होते.

"शेठ, सगळं बंद करायला लागेल. सूचना कुणाला दिसत नाहीये. बाकीची चॅनलं काढली तर लाइन मोकळी होईल, आणि तीन नंबरवर मॅचच्या जागी सूचना घालायची."

शेठ उभेच राहिले. "मॅच बंद करू? आज? अगं, लोक दुकान फोडतील! उद्या सगळे त्या दुसऱ्याकडे जातील!"

"शेठ, लोक मॅच बघतायत म्हणूनच घरात बसलेत!"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. रस्त्याच्या खालच्या टोकाला गटाराचं पाणी उलटं यायला लागलं होतं. आमच्याकडे नदी अशीच सांगून येते. शेठ माझ्या पुढे होऊन जिना चढले, मॅचची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली आणि तिथे माझ्या सूचनेची वायर घातली. मग आम्ही दोघांनी मॉड्युलेटरची बटणं एकेक करून पाडली. हत्ती गेला, मासे गेले, तमिळ बातम्या गेल्या. रॅकवरचे लाल दिवे विझत गेले. एकच उरला. आमच्या तपासणीच्या टीव्हीवर निळा पडदा आला, आणि त्यावर पांढरी अक्षरं, इतकी स्वच्छ की मला रडूच आलं असतं. पण रडायला वेळ मिळाला नाही, कारण फोन वाजला.

"मॅच कुठंय?"

"पाणी येतंय. नदीकाठच्या आळीत कुणी असेल तर त्यांना वर घ्या. सामान माळ्यावर टाका."

"अहो पण मॅच—"

"पाणी!"

ठेवला, की पुन्हा वाजला. काय शिव्या खाल्ल्या मी त्या दुपारी! आणि प्रत्येक शिवीला एकच उत्तर. पाणी येतंय, शेजाऱ्याला सांगा. आयुष्यात कधी एवढे फोन घेतले नव्हते. माझ्या लक्षात आलं की हे तर झकास चाललंय. गावात फिरून एकेकाला सांगायला किती वेळ लागला असता, आणि इथे अख्खं गाव आपण होऊन, रागाने का होईना, मलाच फोन करून विचारत होतं. शेठना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसून हसायलाच लागले. "करू दे, करू दे," म्हणाले. "अजून चिडू दे."

काही जणांना फोनवर दम निघाला नाही. छत्र्या घेऊन, लुंग्या खोचून पाच-पंचवीस माणसं दुकानावर भांडायला आली. सगळ्यांत पुढे पोंक्षे गुरुजी. "हा काय चावटपणा आहे? ऐन वेळेला—" एवढं बोलले आणि थांबले, कारण त्यांच्या चपला पाण्यात होत्या. बाजारपेठेच्या खालच्या टोकापासून पाणी हळूहळू आमच्याकडे येत होतं. मी माडीच्या खिडकीतून ओरडले, "गुरुजी, शांतामावशीच्या घरी काका उठू शकत नाहीत!"

गुरुजींनी वळून त्या जमावाकडे बघितलं. चाळीस वर्षं मुलं हाकलेला आवाज होता तो. "भांडण उद्या. चला माझ्या मागे."

जी माणसं मॅचसाठी भांडायला आली होती, तीच नदीकाठच्या आळीत शिरली. आळीत बरीच घरं आधीच रिकामी होत होती, निळा पडदा दिसला होता लोकांना. मावशीने काकांना स्वेटर घालून, औषधांची पिशवी त्यांच्या मांडीवर देऊन तयार ठेवलं होतं. त्यांना लाकडी खुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची खांद्यांवर घेतली. गुरुजी पुढे छत्री धरून. गुडघाभर पाण्यातून निघाले आणि चढावर आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आणून ठेवलं. मावशी कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मागून. थोड्याच वेळात वीज गेली, मग फोन गेला, आणि दुकानाच्या शटरला पाणी लागलं. शेठ आणि मी माडीवर, गल्ल्यापासून वायरीच्या भेंडोळ्यांपर्यंत जे उचलता आलं ते उचलून. होडी येईपर्यंत तिथेच बसलो होतो.

नुकसान झालं, ते प्रत्येक पुरात होतं. गहू भिजले, कपाटं फुगली, टीव्ही बुडाले. पण आळीतलं माणूस एकही गेलं नाही. विहारात मी काकांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी वाकड्या ओठांनी कसंबसं विचारलं, "कोन जिंकला?" मला माहीत नव्हतं. तिथे बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. रस्ता उघडल्यावर जनूभाऊ पोलादपूरहून ट्रकवर बसून तांदूळ घेऊन आले. लोकांनी आधी त्यांना तेच विचारलं. "मला काय म्हाईत? मी बी समदं बंद करून बसलो व्हतो," ते म्हणाले. सगळं विहार हसलं. चिखलात उभं राहून किती दिवसांनी हसत होतो आम्ही.

पुढे शेठनी गणपतीआधी चाळीस दाखवायची घाई सोडली. पूर ओसरल्यावर बारा चॅनलांनी सुरुवात केली. तीनवर पुन्हा आमचं गावचं. दुसरा केबलवाला आला, चाळीस घेऊन आला, आमची बरीच घरं त्याच्याकडे गेली. शेठना ते लागलं. पण मग त्यांनी कंबर कसली. एक आळी घ्यायची, तिथले अ‍ॅम्प्लिफायर, जोड, सगळं बदलायचं, शेवटच्या घरात जाऊन बघायचं, मगच चार चॅनल वाढवायची. मग पुढची आळी. गेलेली घरं काही परत आली, काही नाही आली. नदीकाठच्या आळीतलं एकही घर कधी दुसरीकडे गेलं नाही, हे मात्र मी अभिमानाने सांगते.

असं करत करत महाड झालं, पोलादपूर झालं, आणि सगळ्यांत शेवटी कापडे. पेरणीआधी शेतं भाजायचे, भाजावळीचे दिवस होते, रानात धूर होता. लाइनच्या अगदी टोकाला जनूभाऊंचं स्वतःचं घर. मी खास एसटीने तपासायला गेले. जनूभाऊ अंगणातल्या खांबावर, आणि आत त्यांची म्हातारी आई टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली. मी बटणं दाबायला लागले. एक, दोन, तीन... वीस... तीस. रेघ नाही, मुंगी नाही, सावली नाही. चाळीस! शेवटच्या घरात चाळीस, आणि एकेक आमच्या गच्चीवर दिसतं तसं! मी नाचायचीच बाकी होते.

"आजी, बघा ना! कसं दिसतंय?"

"मला कुठं दिसतंय गो," आजी म्हणाल्या. "डोल्यात दोनी मोतीबिंदू हायत. मी नुसतं ऐकते."

आजींनी मान तिरपी करून टीव्हीकडे कान दिला. जरा वेळ नीट ऐकलं.

"आदी दोन-दोन माणसं एकदम बोलायची ह्याच्यात. कुनाचं ऐकावं त्येच कळायचं नाय," त्या म्हणाल्या. "आता एका वक्ताला येकच बोलतोय. ब्येस हाय. लाव, लाव, पुढचं लाव."